मोडीचा भाव आणि घडणावळ

दसरा उलटून दिवाळीची चाहूल लागली, की आपल्या घरांतून देवघेवीचा एक मोसमच सुरू होतो. माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली उतरतात. पोचे आलेली, कान तुटलेली मोडीत जातात आणि त्यांच्या बदल्यात नवी येतात. जरीचे जीर्ण लुगडे बोहारणीच्या पाटीत पडते. सोनाराच्या पेढीवर आजीच्या पाटल्या वितळून नातसुनेच्या बांगड्या होतात. पाडव्याच्या मुहूर्तावर दारात नवे वाहन येते आणि जुने वाहन अंगणाच्या कोपऱ्यात उभे राहून नव्याच्या चाकाखाली फुटणारे लिंबू पाहत राहते. या सर्व व्यवहारांत एक नियम मात्र कायम असतो. जुनी वस्तू मोडीत घालताना तिच्या धातूचा भाव मिळतो, तिच्या घडणावळीचा मिळत नाही. ज्या हातांनी ती घडवली त्या हातांची मजुरी तराजूच्या पारड्यात मावत नाही, म्हणून ती कोणी धरीतही नाही.

हा नियम सोनार-कासारांच्या दुकानापुरता असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण माणसाच्या इतिहासात मोठमोठ्या वस्तूंच्या अदलाबदली झाल्या आहेत आणि त्या प्रत्येकीच्या पोटात हाच प्रश्न आहे. जुने जपावे की मोडून नवे करावे? आणि मोडावयाचे झाले तर घडणावळीचा हिशेब कोणी करावयाचा?

अमेरिकेतील मोटारींच्या शौकिनांना हा प्रश्न मोठा गमतीच्या वेषात पडतो. एखाद्याजवळ जुन्या घडणीची, टप मागे सारता येणारी देखणी मोटार असते. कारखान्यातून निघाली त्या दिवशीचा रंग, तीच चामड्याची बैठक, तेच चकचकीत दिवे, असे सगळे त्याने जपलेले असते. दुसऱ्याजवळ असते 'हॉट रॉड'. म्हणजे मूळ मोटार जुनीच, पण तिचे मडगार्ड काढून टाकलेले, टप कापून बुटका केलेला आणि आत भलतेच दांडगे एंजिन बसवलेले. पहिलीच्या बदल्यात दुसरी घ्यावी काय, यावर तिकडे मित्रामित्रांत रात्र रात्र वाद चालतात. पहिलीचा मोठेपणा ती होती तशीच राहिली यात आहे; दुसरीचा मोठेपणा ती होती तशी राहिली नाही यात आहे. एकीत कारखान्याची घडणावळ शाबूत आहे, दुसरीत मालकाने स्वतःची घडणावळ घातली आहे.

या हॉट रॉडचा उगमही ऐकण्यासारखा आहे. 1932 साली हेन्री फोर्डने आठ सिलिंडरांचे एंजिन सामान्य माणसाच्या ऐपतीतल्या मोटारीत आणून बसवले. तोपर्यंत तसले एंजिन म्हणजे धनिकांची चैन होती. कॅलिफोर्नियातील तरुण पोरे जुन्या फोर्ड मोटारी स्वस्तात घेत, अंगावरचा पत्रा उतरवून त्या हलक्या करीत आणि कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळावर नेऊन पळवीत. ना पदवी, ना भांडवल. वडिलांच्या गॅरेजमधले पाने आणि हातोडे एवढीच त्यांची सामग्री. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनी यंत्रांची नवी जाण बरोबर आणली आणि हा छंद देशभर पसरला. 1948 च्या जानेवारीत या छंदाला वाहिलेले एक मासिकच निघाले. भंगाराच्या भावाने घेतलेल्या वस्तूत मजुरी ओतून तिला मूळ किमतीपेक्षा मोलाची करावयाची, असा हा सोनाराच्या नियमाच्या अगदी उलटा धंदा होता.

आता असे कोणी म्हणेल, की मास्तर, तुम्ही सातारा-सांगलीकडचे. तुम्हांला हे कॅलिफोर्नियाचे आख्यान कशाला हवे? त्याचे कारण असे, की नेमकी हीच अदलाबदल आमच्या मुलखात घडली आहे. ती कोठे घडली हे सांगण्यापूर्वी त्या मातीची थोडी ओळख करून दिली पाहिजे, कारण त्या गावाच्या आसपास अशा प्रकारची देवघेव काही पहिल्यांदाच झालेली नाही.

सागरेश्वराच्या डोंगराजवळ देवराष्ट्रे नावाचे गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचे ते आजोळ. 12 मार्च 1913 रोजी त्यांचा जन्म तेथेच झाला. त्या वेळी गाव सातारा जिल्ह्यात होते. 1949 साली जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि 1960 साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे आज देवराष्ट्रे सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोडते. कागदावर रेघ पडली तरी माती काही दुभंगत नाही. सोयरीक, बाजार आणि ऊस यांनी हा सारा मुलूख अजून एकच आहे.

याच परिसरात, थोड्या मैलांवर, कुंडलच्या माळावर 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्कर आपले बिऱ्हाड आणि कारखाना घेऊन आले. त्यांचा जन्म 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकावयास ते मुंबईस गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळले, म्हणून यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले आणि पुढे तोच विषय शिकवू लागले. म्हणजे तेही काही काळ आमच्याच मास्तरांच्या जातीचे. मग बेळगावात सायकलींचे दुकान, तेथून कडबा कापण्याचे यंत्र आणि तेथून लोखंडी नांगर, असा त्यांचा प्रवास झाला. बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली तेव्हा औंध संस्थानाने त्यांना कुंडलचा ओसाड माळ दिला. तेथे आज किर्लोस्करवाडी आहे.

लोखंडी नांगराची कथा आपल्या विषयाला फार जवळची आहे. शेतकऱ्याजवळ लाकडी नांगर होता. गावच्या सुताराने तो बाभळीच्या लाकडातून घडवलेला, लोहाराने त्याचा फाळ शेवटून दिलेला. त्याची मजुरी खळ्यावर धान्याच्या रूपाने, बलुते म्हणून, वर्षाला पोहोचती होत असे. म्हणजे बलुतेदारीत बाकी शंभर दोष असले तरी लोहाराच्या हाताचा मोबदला पारड्यात धरलेला होता. तो नांगर देऊन किर्लोस्करांचा नांगर घ्यावा काय? शेतकऱ्यांनी प्रथम मान हलवली. लोखंडाने जमीन विषारी होते, पीक जळते, अशी समजूत त्यांच्यात होती. घडलेले नांगर विकले न जाता तसेच पडून राहिले. पुढे हरळी आणि कुंदा यांनी ग्रासलेली काळी जमीन तो नांगर खोलवर उलटी करतो, हे शेतकऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तेव्हा गाडी वळणावर आली. त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणण्याची रीत आहे. मला ती मान्य नाही. ज्याचे वर्षाचे पोट एका अवजारावर अवलंबून आहे, तो अवजार बदलताना दहादा विचार करणारच. ज्याला चूक परवडत नाही त्याच्या सावधपणाला अडाणीपणा म्हणू नये.

पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई आली आणि नांगराचा कारखाना बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील जुन्या तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. त्या भट्टीत वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. वाचकांनी या देवाणघेवाणीवर क्षणभर थांबावे असे मला वाटते. तोफ ही काही साधी वस्तू नव्हे. ती ओतणारा ओतारी, तिच्या तोंडाशी उभा राहिलेला गोलंदाज, ती बैल जुंपून गडावर चढवणारी माणसे, एवढी मंडळी त्या धातूत गोठलेली असतात. मी इतिहास शिकवणारा माणूस. एक तोफ वितळली म्हणजे एक बखर जळाली असे मला वाटल्यावाचून राहत नाही. पण त्याच वेळी मी शेतकऱ्यांच्या पोरांना शिकवणारा माणूसही आहे आणि त्या नांगरांनी कोणाच्या घरात भाकर नेली असेल हेही मला दिसते. तोफेचे काम संपले होते, नांगराचे सुरू व्हावयाचे होते. महाराजांनी जुन्याची घडणावळ सोडली, पण तिच्या जागी नवी घडणावळ उभी राहील अशा हातांत ती दिली. मोडीत घालणे निराळे आणि कारागिराच्या हवाली करणे निराळे.

आणि ज्या औंध संस्थानाने माळ दिला, त्याचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी जमवलेल्या चित्रांचे, मूर्तींचे आणि कोरीव कामाचे संग्रहालय औंधच्या यमाईच्या टेकडीवर 1938 साली उभे राहिले. सातारा जिल्ह्यात गेलेल्या प्रत्येकाने ते पाहावे. जुने जपावे की नवे घडवावे, हा वाद या एकाच गृहस्थाने कृतीने मिटवला. एका हाताने त्यांनी संग्रहालय बांधले आणि दुसऱ्या हाताने कारखान्याला माळ दिला. याच किर्लोस्करवाडीतून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले आणि पुढे त्याचे 'किर्लोस्कर' मासिक झाले. दिवाळी अंक वाचीत वाढलेल्या कित्येक मराठी घरांवर त्या माळाचे असे दुहेरी ऋण आहे.

आता मूळ हकीकतीकडे येतो. 2021 च्या डिसेंबरात मोबाइलवर एक चित्रफीत फिरू लागली. देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी घरच्या घरी तयार केलेली एक चिमुकली जीप तीत धावत होती. आडनावाप्रमाणेच धंदा लोहारकामाचा, शाळेचे शिक्षण बेताचे. मुलाची हौस पुरवावी म्हणून त्यांनी ही गाडी करावयास घेतली, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. दुचाकीचे एंजिन, रिक्षाची चाके, भंगारातले भाग आणि हाताने ठोकून वाकवलेला पत्रा, अशी तिची जुळणी. फटफटीला मारतात तशी लाथ मारून ती सुरू होई आणि सुकाणू चाक डाव्या हाताला. सुमारे दोन वर्षांची मेहनत आणि साठ हजार रुपयांच्या आसपास खर्च. तोंडावर मात्र उभ्या फटींची अस्सल जीपची जाळी.

त्या जाळीला एक इतिहास आहे. जीप ही दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैन्याची गाडी. 1945 साली स्थापन झालेल्या एका कंपनीने 1947 च्या सुमारास विलीज कंपनीच्या जीपगाड्यांचे सुटे भाग आणून येथे त्या जोडावयास सुरुवात केली. तीच पुढची महिंद्र आणि महिंद्र कंपनी. आमच्या लहानपणी जीप म्हणजे सरकार. पंचायत समितीच्या साहेबांची जीप गावच्या वेशीत धुरळा उडवीत आली, की मास्तरांपासून तलाठ्यापर्यंत सारे टोपी सावरीत. त्या गाडीत बसावयाचे भाग्य पोरांना कोठले? तिच्या जाळीवरून हात फिरवावयास मिळाला तरी शाळेत दोन दिवस बढाई मारता येई. लोहारांच्या गाडीला ती जाळी का असावी, हे मला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

ती चित्रफीत आनंद महिंद्र यांच्या पाहण्यात आली. आपल्या कंपनीची ओळखीची जाळी त्यांनी बरोबर हेरली आणि कौतुक केले. ही गाडी कोणत्याच नियमात बसत नाही, हेही त्यांनी स्पष्टपणे लिहिले. आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावर अडवणार. तेव्हा तिच्या बदल्यात मी नवी बोलेरो देतो, तुमची गाडी आमच्या संशोधन केंद्रात ठेवू, थोड्या साधनांत अधिक कसे करावे हे आमच्या लोकांना तीतून शिकता येईल, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरा कोणी असता तर उडी मारून हो म्हणाला असता. साठ हजारांच्या बदल्यात कित्येक लाखांची गाडी! पण देवराष्ट्र्यातल्या त्या घरात लगेच होकार निघाला नाही. ही आमच्या घरात आलेली पहिली लक्ष्मी, ती कशी द्यावी, असा घरच्यांचा भाव असल्याचे वर्तमानपत्रांतून आले. शहरातल्या पुष्कळांना त्याचे हसू आले असेल. मला मात्र लोखंडी नांगरापुढे मान हलवणाऱ्या त्या शेतकऱ्यांची आठवण झाली. किमतीचे गणित या माणसांना कळत नव्हते असे मुळीच नाही. पण जिची प्रत्येक कांब आपल्या ऐरणीवरून गेली आहे, ती वस्तू दारातून जाताना घरातले माणूस गेल्यासारखे वाटणारच. गाय विकताना तिच्या कपाळाला कुंकू लावून डोळे पुसणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे उमजेल.

अखेर त्या कुटुंबाने देकार स्वीकारला. 2022 च्या जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली आणि ती घरची गाडी कंपनीच्या ताब्यात गेली. चेन्नईजवळच्या संशोधन केंद्रातील नाना प्रकारच्या मोटारींच्या संग्रहात तिला स्थान मिळेल, असे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर केले.

मी ही हकीकत माझ्या वर्गात सांगितली आणि मुलांना विचारले, तुम्ही त्या जागी असतां तर काय केले असते? वर्ग तात्काळ दुभंगला. एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, देऊनच टाकायची. पावसाळ्यात त्या गाडीत घरदार भिजणार, बोलेरोत नाही." दुसरा म्हणाला, "बापाने केलेली गाडी कोण देतो?" तिसऱ्याने मध्यममार्ग काढला, की बोलेरो घ्यावी आणि पुढच्या वर्षी दुसरी गाडी करावी. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी विचारल्याशिवाय बोलत नाही, ती म्हणाली, "पण गुरुजी, त्यांनी दुसरी केली, तर ती रस्त्यावर चालवू देतील का?"

पोरीने बरोबर खिळ्याच्या डोक्यावर घाव घातला होता. तिला उत्तर द्यावयाचे तर कायद्याचे पुस्तक उघडावे लागते, आणि माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसालाही त्यातले एवढे समजते, की उत्तर 'नाही' असे आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम सांगते, की कारखानदाराने मूळ जे तपशील दिले त्यांपासून गाडी निराळी होईल असा फेरबदल मालकाने करू नये. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. आणि नवी गाडी रस्त्यावर आणावयाची तर कारखानदाराने तिचा नमुना सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ज्याला एकच गाडी करावयाची आहे आणि तीही घराच्या पडवीत, त्याला या व्यवस्थेत कोठे बसवावे?

गंमत अशी, की त्याच 2021 सालच्या जुलैत केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी नवे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूप न बदललेली गाडी असेल तर तिची निराळी नोंद होते. क्रमांकपट्टीवर 'व्हीए' ही खास अक्षरे येतात, वीस हजार रुपये शुल्क भरले की दहा वर्षे नोंद राहते आणि प्रदर्शनाला, मिरवणुकीला ती रस्त्यावर काढता येते. रोजच्या वापराला नाही. नियम चांगलाच आहे. आमच्या शेजारच्या कोल्हापूरला दसऱ्याच्या दिवशी राजाराम महाराजांच्या वेळची उघड्या टपाची मेबॅक मोटार मिरवणुकीत निघते, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा लोटलेली माणसे पाहिली, की जुन्याचे मोल कोणी वेगळे पटवून द्यावे लागत नाही. ती मोटार कोणी कापून हॉट रॉड करावयास निघाला, तर त्याला अडवणाऱ्यांत मीही उभा राहीन. जे पुन्हा घडवता येणार नाही ते जपलेच पाहिजे.

पण या दोन नियमांना एकमेकांशेजारी ठेवून पाहावे. जर्मनीच्या कारखान्यात घडलेली, राजवाड्यात जपलेली मोटार असेल, तर तिच्यासाठी कायद्याने एक खास दार उघडले. देवराष्ट्र्याच्या ऐरणीवर घडलेली असेल, तर तिला दार नाही. तिच्यासाठी संग्रहालय आहे. आपण घडणावळीचा आदर करतो खरा, पण ती पन्नास वर्षांची झाल्यावर, किंवा ती चालेनाशी झाल्यावर.

कायद्याची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. खंबाटकीच्या घाटात ब्रेक लागला नाही तर हौस आणि कल्पकता यांनी गाडी थांबत नाही. पत्र्याचे टोक, तुटणारा सांधा, न लागणारा दिवा यांनी रस्त्यावरच्या निरपराध माणसाचा जीव जाऊ शकतो. हाताने गाडी केली एवढ्यावर तिला मोकळे रान द्यावे असे मी म्हणणार नाही. माझ्या शाळेची पोरे त्याच रस्त्याने चालत येतात. तेव्हा प्रश्न तपासणी असावी की नसावी हा नाही. एकट्या कारागिराला त्या तपासणीपर्यंत पोहोचण्याची वाट असावी की नसावी हा आहे.

आणि ही वाट करता येते. कॅलिफोर्नियाची ती पोरे भर रस्त्यावर शर्यती लावू लागली, तेव्हा अमेरिकेत तक्रारींचा पूर उठला. पण 1951 साली वॉली पार्क्स या गृहस्थाने त्यांची एक राष्ट्रीय संघटना बांधली. तिने गाडीच्या सुरक्षिततेचे नियम केले, आधी तपासणी आणि मग शर्यत अशी शिस्त लावली आणि पोरांना रस्त्यावरून उचलून राखीव धावपट्टीवर नेले. इंग्लंडात तर घरी बांधलेली एकुलती एक गाडीसुद्धा सरकारी तपासणी केंद्रावर नेता येते. तिचे ब्रेक, दिवे, सुकाणू, धूर सारे पाहतात आणि उत्तीर्ण झाली तर तिची रीतसर नोंद होते. नापास झाली तर दुरुस्त करून पुन्हा आणावयाची. आम्ही मास्तर मंडळी गेली कित्येक वर्षे हेच करीत आलो आहोत. नापास पोराला आम्ही शाळेतून हाकलीत नाही, ऑक्टोबरच्या परीक्षेला बसवीत असू.

आपल्या महाराष्ट्रात याची सामग्री नाही असे नाही. मोटारींची परीक्षा करणारी राष्ट्रीय संस्था 1966 सालापासून पुण्यात आहे. साताऱ्याहून ती एस.टी.ने काही तासांच्या अंतरावर आहे. पण लोहाराची गाडी आणि ती संस्था यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते मैलांत मोजता येत नाही.

मग ती अदलाबदल बरोबर झाली की चुकीची? माझ्या मते त्या कुटुंबाने केले ते योग्यच केले. गाडी दारात राहिली असती, तर अधिकाऱ्यांच्या भीतीने शेडमध्ये गंजत पडली असती. बोलेरोने घरातल्या माणसांना उन्हापावसात निर्धास्तपणे रस्त्यावर नेले आणि पोटापाण्याच्या माणसाला तेवढे सुख पुरेसे मोठे आहे. देणाऱ्यानेही उदारपणाच दाखवला. साठ हजारांची वस्तू त्याने मोडीच्या भावाने मागितली नाही. तिच्यातली दोन वर्षांची मेहनत, नजर आणि जिद्द त्याने पारड्यात घातली. सोनाराच्या पेढीवर जे होत नाही ते तेथे झाले. घडणावळीचा भाव मिळाला, म्हणून ही अदलाबदल लक्षात ठेवावी असे मला वाटते.

पण हा हिशेब एका घरापुरता मिटला. मुलखाचा हिशेब अजून उघडा आहे. 1910 साली त्याच परिसरात एक सायकलवाला मास्तर भाते आणि साचे घेऊन आला, तेव्हा त्याने केलेला नांगर कोणी संग्रहालयात ठेवावयास मागितला नाही. त्याला जमीन मिळाली, रेल्वेचे स्टेशन जवळ होते, आणि पुढे धातू कमी पडला तेव्हा राजाने तोफा दिल्या. म्हणजे त्याच्याकडून वस्तू घेतली नाही, त्याला घडवण्याची जागा दिली. वस्तूचा मोबदला वस्तूने एकदाच देता येतो. जागेचा मोबदला तो कारागीर आणि त्याच्या मागून येणारे कित्येक वर्षे फेडत राहतात. किर्लोस्करवाडीच्या भोंग्यावर ज्यांची घड्याळे लागली, त्या घरांना हे सांगावयास नको.

तालुक्याच्या प्रत्येक गावी एखादा तरी असा हात असतो. कोणी फवारणीचे यंत्र सायकलवर बसवतो, कोणी भंगारातल्या मोटारीवर कडबा कापतो, कोणी उसाच्या फडात जाईल अशी चिमुकली ट्रॅक्टर करतो. गावात त्याला 'किडे करणारा' म्हणतात आणि शाळेत तो बहुधा मागच्या बाकावर बसलेला असतो. त्याला बक्षीस मिळाले तर आनंदच आहे. परंतु तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत संध्याकाळी त्याला लेथ वापरावयास मिळावे, केलेली वस्तू तपासून कोठे चुकले हे सांगणारा कोणी जाणता भेटावा, आणि तपासणीत उतरली तर तिला रस्त्यावर यावयाची रीतसर परवानगी मिळावी, एवढे जरी झाले, तरी त्या मागच्या बाकावरच्या मुलीला मला निराळे उत्तर देता येईल.

या दिवाळीत मोडीची भांडी तराजूत घालताना वाचकांनी एक करून पाहावे. त्यांतले एखादे हाताने ठोकलेले असेल तर त्याच्या तळाशी बोट फिरवावे. हातोडीचे घाव बोटाला लागतात. ते घाव वजनात येत नाहीत, पण भांडे ते याच घावांनी झालेले असते. मग ते द्यावे की ठेवावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.